कावीळ आणि हिपॅटायटिस: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाला कावीळ झाली की दोन दिवसांत सल्ल्यांचा ढीग जमतो. कोणी माळ सांगतं, कोणी उसाचा रस, कोणी अमुक गावचं हमखास औषध. या धावपळीत एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो: ही कावीळ नेमकी कोणत्या विषाणूची? औषध द्यायचं की नुसती विश्रांती, घरच्यांना धोका आहे की नाही, पुढे सहा महिन्यांनी तपासणी लागेल की नाही, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. ओपीडीत रुग्ण आणि नातेवाईक जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. डॉक्टरांशी नीट बोलता यावं यासाठी ही माहिती आहे. तिच्या आधारावर गोळ्या मनाने सुरू किंवा बंद करू नका.

कावीळ आणि हिपॅटायटिस एकच का?

नाही. कावीळ हे लक्षण आहे, आजार नव्हे. रक्तातलं बिलिरुबिन (एक पिवळं रंगद्रव्य) साधारण १ मिलिग्रॅमच्या आत असतं. ते अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळे पिवळे दिसू लागतात. हिपॅटायटिस म्हणजे यकृताला आलेली सूज. सूज येऊन कावीळ दिसेल, किंवा सूज असूनही डोळे पांढरेशुभ्र राहतील.

उलट बाजूने, डोळे पिवळे झाले म्हणजे विषाणूच असेल असंही नाही. पित्तनलिकेत अडकलेला खडा, दारू, क्षयरोगाची औषधं, पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दिसणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा ताप), मलेरिया, स्वादुपिंडाचा कर्करोग, यांतही कावीळ होते. पन्नाशीपुढच्या माणसाला पोटात न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, शौचाचा रंग मातकट पांढरा झाला, तर सोनोग्राफी लगेच करावी. तिथे ‘आठ दिवस पथ्य पाळून बघू’ चालत नाही.

ए, बी, सी, डी, ई यांत फरक काय?

दोन घराणी समजा. ए आणि ई पोटातून येतात: दूषित पाणी, बर्फ, उघड्यावरचं खाणं, शौचानंतर न धुतलेले हात. आजार अचानक येतो, काही आठवड्यांत बहुतेक जण पूर्ण बरे होतात, आणि विषाणू शरीरात मुक्काम करत नाही. बी आणि सी रक्तातून पसरतात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. हे दोघे मुक्काम करतात. डी एकटा जगू शकत नाही. ज्याला बी आहे त्यालाच तो होतो आणि आजार बिघडवतो. बीच्या रुग्णाची तब्येत कारण नसताना ढासळली तर डीची तपासणी करून घ्यावी.

संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळही वेगळा आहे. ए साधारण दोन ते चार आठवडे, ई दोन ते दहा आठवडे, बी एक ते सहा महिने. म्हणून ‘काल लग्नात जेवलो आणि आज कावीळ झाली’ हा हिशेब बसत नाही. जे काही पोटात गेलं ते महिनाभरापूर्वी गेलेलं असतं.

‘पांढरी कावीळ’ म्हणतात ती कोणती?

आपल्याकडे बहुतेक वेळा हिपॅटायटिस बीला लोक असं म्हणतात. पण कुणी रुग्ण ‘मला पांढरी कावीळ झाली होती’ म्हणाला तर आम्ही तो शब्द पुरावा धरत नाही. जुना रिपोर्ट मागतो, नसेल तर तपासणी पुन्हा करतो.

डॉक्टरांनी एलएफटी (यकृताच्या कामाची रक्ततपासणी) केली. तेवढी पुरे आहे का?

यकृताला किती मार बसला हे एलएफटी सांगते, मार कुणी दिला हे सांगत नाही. सर्वांत मोठी उणीव इथेच राहते. एलएफटी चार वेळा झालेली असते, विषाणूची तपासणी एकदाही नाही.

समजा पंचविशीतल्या मुलाचा रिपोर्ट असा आहे: बिलिरुबिन ८.४, एसजीपीटी १८६०, एसजीओटी १४२०, अल्कलाइन फॉस्फटेज थोडंसं वाढलेलं, आयएनआर १.१. यकृताच्या पेशी फुटल्या की एसजीपीटी आणि एसजीओटी वाढतात, पित्ताची वाट अडली की अल्कलाइन फॉस्फटेज, आणि आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा. एसजीपीटी हजाराच्या वर गेलं आणि अल्कलाइन फॉस्फटेज फार वाढलेलं नाही, याचा अर्थ पित्तनलिका तुंबलेली नसून यकृताच्या पेशींनाच ताजी इजा झालेली आहे. विषाणू हे त्याचं नेहमीचं कारण. दारूच्या काविळीत एसजीओटी जास्त असतं, एसजीपीटी कमी, आणि दोन्ही आकडे सहसा तीन-चारशेच्या पुढे जात नाहीत. आता या मुलाला चार तपासण्या लागतात: हिपॅटायटिस एसाठी आयजीएम अँटी-एचएव्ही, ईसाठी आयजीएम अँटी-एचईव्ही, बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी अँटी-एचसीव्ही. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला तर सोबत आयजीएम अँटी-एचबीसी करावी, म्हणजे बीचा संसर्ग ताजा आहे की जुनाच आज समोर आला याचा अंदाज येतो.

‘आयजीएम’ हा शब्द रिपोर्टवर शोधा. आयजीएम म्हणजे सध्याचा संसर्ग. आयजीजी किंवा ‘टोटल’ अँटीबॉडी म्हणजे कधीतरी होऊन गेलेला, किंवा लस घेतल्याचा परिणाम. आपल्याकडे कित्येकांना लहानपणीच ए होऊन जातो, त्यामुळे नुसती टोटल अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणून आजच्या काविळीचं खापर एवर फोडता येत नाही.

या आकड्यांत सगळ्यांत महत्त्वाचा कोणता?

आयएनआर. नातेवाईक बिलिरुबिनकडे बघत बसतात, आम्ही आयएनआरकडे बघतो. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात. यकृत थकलं की ते कमी पडतात आणि आयएनआर चढतो. १.५ किंवा त्याहून जास्त आला तर रुग्णाला घरी ठेवू नये.

एसजीपीटी उतरणं ही दर वेळी चांगली बातमी नसते. एसजीपीटी दोन हजारांवरून तीनशेवर आलं, पण बिलिरुबिन आणि आयएनआर वाढतच आहेत, तर त्याचा अर्थ फुटायला पेशीच फारशा उरल्या नाहीत असा असू शकतो. हा रुग्ण त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात, जमल्यास यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी गेला पाहिजे.

आयएनआर नीट असेल, भूक परतत असेल, आणि बिलिरुबिन मात्र हळूहळू उतरत असेल, तर घाबरू नका. ते सर्वांत शेवटी उतरतं. एच्या काही रुग्णांत कावीळ आणि खाज दोन-तीन महिने रेंगाळते, काहींत बरी होऊन पुन्हा डोकं वर काढते. तरीही ती पुढे पूर्ण बरी होते.

रुग्णालयात कधी न्यायचं? कोणती लक्षणं धोक्याची?

रुग्ण विसंगत बोलू लागला, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, नेहमीची साधी कामं चुकवतो, चिडचिड अचानक वाढली, हात पुढे धरले की थरथरतात: यकृताचा परिणाम मेंदूवर होऊ लागल्याच्या या खुणा आहेत. ‘अशक्तपणामुळे झोपतोय’ म्हणून कित्येक घरांत दोन मोलाचे दिवस जातात. रुग्णाला त्याचं नाव, आजचा वार, घरातल्या माणसांची नावं विचारा. उत्तर अडखळलं की गाडी काढा.

याखेरीज पोटात पाणीही न ठरणारी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, पोट फुगणं, लघवी कमी होणं. आणि गरोदर बाई असेल तर यांपैकी एकाही लक्षणाची वाट बघायची नाही.

गरोदरपणात कावीळ झाली तर?

त्याच दिवशी दवाखाना, आणि शक्यतो भरती. कारण हिपॅटायटिस ई. एरवी ईमध्ये मरण पावणाऱ्यांचं प्रमाण फार कमी असतं. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार दगावण्याचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. बाळालाही धोका असतो. गरोदरपणातच होणारे यकृताचे काही वेगळे आजारही आहेत आणि त्यांत प्रसूती लवकर करावी लागते, म्हणून निदान तासांत व्हावं लागतं.

पहिलटकरीण माहेरी आलेली असते, डोळे पिवळे दिसतात, आणि ‘पोटुशीला इंग्लिश औषध नको’ म्हणून तिला माळवाल्याकडे नेलं जातं. कावीळ झालेल्या गरोदर बाईला कुणी असं नेत असेल तर शेजाऱ्यानेसुद्धा मध्ये पडून अडवावं.

माळ घातली की कावीळ उतरते ना? आमच्याकडे कित्येकांची उतरली.

उतरली असेल, पण माळेने नाही. ए आणि ईची कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते. त्या काळात गळ्यात माळ असेल तर श्रेय माळेला मिळतं.

माळ लांब होते हेही खरं. ती ओल्या काड्यांच्या बारीक तुकड्यांची, दोऱ्याच्या गाठींत ओवलेली असते. काड्या वाळून आकसल्या की गाठी सैल होतात आणि दोरा सुटून माळ खाली उतरते. तशीच माळ खुंटीला टांगून ठेवा, तीही लांब होईल. हात धुऊन कावीळ ‘काढतात’ तिथे हाताला आधी झाडपाल्याचा रस लावलेला असतो, चुन्याच्या पाण्याशी त्याचा संयोग होऊन पाणी पिवळं होतं. निरोगी माणसाचे हात धुतले तरी होतं.

माळ आणि हात धुणं यांनी निदान शरीराला इजा होत नाही. नाकात देवडांगरीसारख्या कडू फळाचं पाणी टाकण्याचं तसं नाही. नाकातून जे पिवळं पाणी गळतं ती कावीळ नसते, भाजलेल्या त्वचेतून झरणारं पाणी असतं. यात नाकाच्या आतल्या त्वचेला जखमा होतात. हातावर किंवा पोटावर तापल्या सळईचे डाग देणं तर सरळसरळ छळ आहे, आणि तो लहान मुलांच्या वाट्यालाही येतो. आयएनआर वाढलेल्या माणसाला अशी जखम झाली की रक्त थांबत नाही.

कुणाच्या श्रद्धेला दुखवायचं म्हणून हे लिहिलेलं नाही. आजी गळ्यात माळ घालत असेल तर घालू दे, पण रक्ताचा रिपोर्ट त्याच दिवशी झाला पाहिजे.

पथ्य काय? हळद, तेल, तूप बंद का?

हळदीच्या पिवळ्या रंगाचा आणि काविळीचा काही संबंध नाही. वरण-भात, भाकरी, भाजी, ताक, फळं, अंडं सोसत असेल तर अंडं, जे जाईल ते खाऊ द्या. मळमळ असते तेव्हा तेलकट नकोसं वाटतं म्हणून कमी करायचं, बंदी म्हणून नव्हे. थोडं तूप चालतं. महिनाभर नुसते चणे-मुरमुरे आणि उसाचा रस यांवर ठेवलेला रुग्ण काविळीतून उठतो पण स्नायू गमावून बसतो. मळमळ दिवस चढेल तशी वाढते, म्हणून सकाळची न्याहारी मोठी द्यावी आणि संध्याकाळी थोडं थोडं.

उसाच्या रसाने यकृत बरं होत नाही. गोड असतो, उलटी होणाऱ्याला बरा वाटतो, इतकंच. गाड्यावरचा रस आणि त्यातला बर्फ मात्र त्याच पाण्याचा असू शकतो ज्याने कावीळ झाली. प्यायचाच असेल तर घरी, धुतलेल्या भांड्यात, बर्फाविना.

दारू पूर्ण बंद. ए किंवा ई बरा झाल्यावरही काही महिने बंद, आणि बी-सीच्या रुग्णाने कायमची. तापासाठी पॅरासिटामॉल लागलं तर दिवसाला २ ग्रॅमच्या वर नको, तेही विचारून. अंगदुखीसाठी ब्रुफेनसारख्या गोळ्या टाळा.

गुळवेल, काढे, लिव्हरची टॉनिकं घेऊ का?

सुजलेल्या यकृताला कमीत कमी काम द्यावं. प्रत्येक काढा, भस्म, चूर्ण, सिरप शेवटी यकृतातूनच जातं. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी गुळवेल घेतली गेली, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, हे गणित चुकीचं आहे. हेच आमच्या बाजूच्या औषधांनाही लागू आहे. विषाणूच्या साध्या काविळीत स्टेरॉइडचा उपयोग नाही, आणि सलाइन फक्त तोंडाने पाणी ठरत नसेल तर.

काही आधीच घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. पुडी, बाटली, लेबल जे असेल ते घेऊन या.

गावात एकदम बऱ्याच जणांना कावीळ झाली आहे. काय करायचं?

पाणी बघा. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यातून पसरलेल्या हिपॅटायटिस ईची होती आणि तिच्यात माणसं दगावली. १९५५-५६ मध्ये दिल्लीत अशाच साथीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं. तेव्हा ई हा विषाणू माहीतही नव्हता, तो पुढे १९८३ मध्ये ओळखला गेला. गटाराशेजारून गेलेली पाइपलाइन फुटते, पाणी बंद असताना नळीत घाण ओढली जाते, आणि पाणी आलं की ती घरोघर पोचते. सकाळी पहिलं येणारं गढूळ, वासाचं पाणी ही त्याची खूण.

प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. विहीर किंवा टाकीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर घातली का, किती घातली, आणि टोकाच्या घरच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का हे रंगावरून बघणारी तपासणी) केली का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. टाकीजवळ क्लोरीन आहे आणि शेवटच्या गल्लीत नाही, असं हमखास आढळतं, आणि रुग्णही त्याच गल्लीत असतात. रंग पिवळा आला पाहिजे, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. तोवर पाणी खळखळ उकळून प्या. मेडिक्लोर (घरगुती वापराचं क्लोरीनचं द्रावण) मिळत असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात वापरा. तुरटीने पाणी नितळ होतं, विषाणू मरत नाही.

रक्तदान शिबिरात हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघालं. मला काहीच त्रास नाही. आता?

आधी श्वास घ्या. हा आजार तुम्हाला आज झालेला नसतो. बहुतेकांना तो जन्मावेळी किंवा लहानपणी झालेला असतो. बाळाला जन्माच्या वेळी बी झाला तर सुमारे ९० टक्के वेळा तो कायम राहतो, मोठेपणी झाला तर शंभरात पाचांहूनही कमी जणांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात २ कोटी ९८ लाख लोकांना बी आणि ५५ लाख लोकांना सी होता. त्यांतल्या बहुसंख्यांना ते माहीत नाही. तुम्हाला कळलं, हे चांगलं झालं.

तपासणी पुन्हा खात्रीच्या पद्धतीने करून घ्या. नुकतीच बीची लस घेतली असेल तर काही दिवस एचबीएसएजी खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. तो सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहिला तर आजार जुना, म्हणजे क्रॉनिक, समजतात. मग पुढची चौकशी: विषाणू किती जोमात आहे हे सुचवणारी एचबीईएजी, विषाणूंची संख्या सांगणारी एचबीव्ही डीएनए, एलएफटी, प्लेटलेट्स, सोनोग्राफी, जमल्यास फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी). सोबत एचआयव्ही आणि सी. फायब्रोस्कॅन नसेल तर एसजीओटी आणि प्लेटलेट्स या दोन आकड्यांवरून ‘एप्री’ गुणांक काढून यकृत किती कडक झालंय याचा अंदाज तालुक्याच्या दवाखान्यातही येतो.

सगळ्यांना औषध लागत नाही. सिरॉसिस (यकृत व्रण पडून कडक आणि गाठाळ होणं) असेल तर लागतंच. नसेल तर डीएनए दोन हजारांच्या वर आणि एसजीपीटी वाढलेलं, किंवा यकृत कडक होत चाललेलं, किंवा घरात कुणाला यकृताचा कर्करोग झालेला, असे मुद्दे बघून ठरवतात. औषध लागलं नाही म्हणून विषय संपत नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी आलीच, कारण शांत बसलेला बी कधीही जागा होतो. ज्यांना सिरॉसिस आहे किंवा कर्करोगाचा धोका जास्त आहे त्यांची सहामाही सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कर्करोगाचा इशारा देणारी रक्ततपासणी) चुकवू नये. यकृताचा कर्करोग लहान असताना सापडला तर काढता येतो.

आणखी एक गोष्ट कार्डावर लिहून ठेवा. पुढे कधी केमोथेरपी, स्टेरॉइडचा मोठा कोर्स किंवा संधिवाताची प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं लागली तर आधी बीची गोळी सुरू करावी लागू शकते. नाहीतर विषाणू उसळतो आणि कर्करोगातून वाचलेला माणूस यकृताने जातो.

बीची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते का?

बहुतेकांना खूप वर्षं. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर, दिवसाला एक गोळी. ती विषाणूला दाबून ठेवते, उपटून काढत नाही. त्यामुळे रिपोर्ट ‘डीएनए सापडला नाही’ असा आला की गोळी सुटली असं समजू नका. मनाने गोळी बंद करून दोन-तीन महिन्यांत गंभीर कावीळ घेऊन परतणारे रुग्ण दिसतात, आणि ते सगळे वाचत नाहीत. टेनोफोविरवर असताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) अधूनमधून बघावं.

आई पॉझिटिव्ह आहे. बाळाला होणारच का?

होऊ न देणं आज शक्य आहे. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस, आणि शक्य तितक्या लवकर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन). पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेन्टाव्हॅलंट लसीत बी असतोच. आईचा डीएनए दोन लाखांच्या वर असेल तर गरोदरपणातच टेनोफोविर देतात. ते सुरक्षित आहे. बाळ अंगावर पिऊ शकतं. नऊ महिन्यांचं झाल्यावर बाळाची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (बीपासून संरक्षण देणारी अँटीबॉडी) करून खात्री करावी.

प्रसूतीची तारीख जवळ आली की ‘इम्युनोग्लोब्युलिन आणून ठेवलंय का’ हे रुग्णालयाला आधीच विचारा. रविवारी रात्री बाळंत झाल्यावर शोधाशोध नको.

हिपॅटायटिस सी खरंच बरा होतो?

होतो, पूर्ण बरा होतो. सोफोस्बुविरसोबत डॅक्लाटासविर किंवा वेलपाटासविर, बहुतेकांना १२ आठवडे, आणि शंभरातले ९५ बरे होतात. २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोस्बुविर आलं तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. भारतीय कंपन्यांनी ते बनवायला घेतल्यावर इथे त्याची किंमत कोसळली आणि आता सरकारी रुग्णालयात ते फुकट मिळतं.

निदानाचे दोन टप्पे आहेत. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी अंगात येऊन गेला. आज आहे की नाही हे एचसीव्ही आरएनए सांगते. काही जणांत तो आपोआप गेलेला असतो, त्यांना औषध नको. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए पुन्हा करायची, तेव्हा निगेटिव्ह आली की बरा झालात. अँटीबॉडी मात्र पुढे वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहते. बरे झालेले लोक तीच तपासणी पुन्हा करून पुन्हा घाबरतात, आणि दर वेळी पैसे जातात. आरएनएचा निगेटिव्ह रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवा.

औषध सुरू करण्याआधी बी तपासलाच पाहिजे, कारण सी हटला की दबलेला बी उसळू शकतो. वेलपाटासविरसोबत पॅन्टोप्राझोलसारखी ऍसिडिटीची गोळी घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे ती गोळी लोक विचारल्याशिवाय रोज घेतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कावीळ नसताना तपासणी कुणी करावी?

माझं मत विचाराल तर प्रत्येक प्रौढ माणसाने आयुष्यात एकदा बी आणि सी दोन्ही. नाहीच जमलं तर निदान यांनी: प्रत्येक गरोदर बाई, रुग्णाचे आईवडील, भावंडं, नवराबायको आणि मुलं, डायलिसिसवरचे रुग्ण, वारंवार रक्त लागणारे थॅलेसिमियाचे रुग्ण, गेल्या शतकात रक्त घेतलेले, नशेची इंजेक्शनं घेतलेले, एचआयव्ही असलेले, जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतलेले, आणि दवाखान्यात काम करणारे सगळे, त्यात कचरा उचलणाऱ्या मावशीही आल्या. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने बीची साथ आली आणि अनेक बळी गेले. इंजेक्शन घेताना सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा.

घरात पॉझिटिव्ह माणूस आहे. ताट-वाटी वेगळी ठेवू का? लग्न करता येईल का?

बी-सीसाठी ताट वेगळं नको. एकत्र जेवण, मिठी, खोकला, एकच संडास यांतून ते पसरत नाहीत. रेझर, टूथब्रश, नेलकटर, शुगर तपासायची सुई मात्र वेगळी. बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवस जगू शकतो. लग्न करता येतं, मुलं होऊ शकतात. जोडीदाराला आधी सांगावं, त्याची तपासणी करून लसीचे तीन डोस द्यावेत, आणि तोवर कंडोम वापरावा. बी निघाला म्हणून सुनेला माहेरी पाठवणारी घरं आम्ही पाहतो. त्याच घरात मुलाची तपासणी कुणी केलेली नसते.

एच्या रुग्णाने मात्र आजारपणात दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये.

आखाती देशात नोकरीला जायचं आहे. अडचण येईल का?

येते. तिथल्या व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत बी आणि सी बघतात आणि पॉझिटिव्ह आल्यास अपात्र ठरवतात. एजंटला पैसे देण्याआधी स्वतः तपासणी करून घ्या. ‘रिपोर्ट निगेटिव्ह करून देणारं’ औषध विकणाऱ्यांपासून लांब राहा. असं औषध नाही.

मोठ्यांनी कोणत्या लसी घ्याव्यात?

बीची, आधी घेतली नसेल तर: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. त्याआधी एचबीएसएजी करा. दवाखान्यात काम करत असाल तर शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस बघा, १० च्या वर हवा. एची लस खासगीत मिळते. ज्यांना बी, सी किंवा सिरॉसिस आहे त्यांनी ती विचारून घ्यावी, कारण आधीच दुबळ्या यकृताला ए जड जातो. सीची लस नाही. ईची लस चीनमध्ये वापरात आली, आपल्या लसीकरणात ती नाही.

सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषध फुकट मिळतं का? कुठे जायचं?

हो. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात बी आणि सीच्या तपासण्या आणि गोळ्या मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन ‘हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे आहे’ असं विचारा. नुसतं ‘कावीळ’ म्हणाल तर कॅज्युअल्टीत पाठवतील. आधार कार्ड, जुने सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. डीएनए-आरएनएचा नमुना कधी कधी दुसरीकडे पाठवतात, तेव्हा रिपोर्ट कधी आणि कुठे मिळेल हे तिथेच विचारून कागदावर तारीख लिहून घ्या. गोळ्या महिन्याच्या मिळतात. पुढची खेप घ्यायला शेवटची गोळी संपायच्या आठ दिवस आधी जा, म्हणजे त्या दिवशी साठा नसला तरी तुमची एकही गोळी चुकणार नाही.